लासवारीचा लेक जिथून पळाला

१८०३ मध्ये दिल्ली आणि लासवारी येथे शिंद्यांच्या फौजांचा पराभव करणारा जनरल जेरार्ड लेक मराठी वाचकाला ठाऊक असतो. हाच लेक पाच वर्षे आधी आयर्लंडच्या मेयो परगण्यातील कासलबार गावातून तोफा मागे टाकून पळाला होता, हे मात्र मला डब्लिनला मुलाकडे राहायला गेल्यावर कळले आणि मेयो परगण्यात जायचे तेव्हाच ठरले.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून वेस्टपोर्टची गाडी धरावी. बॅलिनाला जायचे असल्यास मनुला जंक्शनवर गाडी बदलावी लागते. या स्थानकाला बाहेर पडायला रस्ताच नाही, एका गाडीतून उतरून दुसरीत चढणे एवढाच त्याचा उपयोग. बॅलिनाहून किलालामार्गे किलकमिनच्या किनाऱ्यापर्यंत आम्ही टॅक्सी केली आणि परतीची वेळ आधीच ठरवून घेतली. तसे न केल्यास तिथे अडकून पडण्याची शक्यता मोठी आहे.

२२ ऑगस्ट १७९८ रोजी जनरल हंबर्टच्या हाताखालील सुमारे हजार फ्रेंच सैनिक इंग्रजांविरुद्धच्या आयरिश बंडाला मदत करायला तीन जहाजांतून याच किलकमिनला उतरले. पाहण्यासारखे म्हणाल तर फारसे काही नाही: ओले दगड, शेवाळ, कुंपणाच्या बुटक्या दगडी भिंती आणि तोंडावर येणारा वारा. तरीही वेळ कमी असेल तर किलालातील गोल मनोरा बाहेरूनच पाहावा, पण हा किनारा चुकवू नये, कारण एवढ्याशा फौजेच्या बळावर राज्य उलथवण्याचे धाडस केवढे होते याचा अंदाज इथेच येतो.

बॅलिना घेतल्यावर हंबर्टने कासलबारला जाण्यासाठी नेहमीचा रस्ता सोडला आणि स्थानिक आयरिश बंडखोरांना सोबत घेऊन रात्रभर पावसातून डोंगरातल्या विंडी गॅप खिंडीची वाट धरली. २७ ऑगस्टच्या सकाळी लेकची इंग्रज फौज इतकी वेगाने पळाली की त्या लढाईला लोक आजही ‘कासलबारची शर्यत’ म्हणतात. पाठोपाठ कनॉट या पश्चिम आयर्लंडमधील प्रांताचे प्रजासत्ताक जाहीर झाले आणि जॉन मूर त्याचा अध्यक्ष झाला. त्याची कबर गावातील मॉल या हिरवळीच्या मैदानात आहे. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ती खिंड ओळखीची वाटेल, परंतु तिथे धुके लवकर उतरते, म्हणून दुपारच्या आत पोचावे.

शेवट मात्र ८ सप्टेंबर रोजी लाँगफर्ड परगण्यातील बॅलिनामक येथे झाला. त्या वेळी आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे इंग्रज राजाचा तिथला प्रतिनिधी, होता कॉर्नवॉलिस, ज्याच्या बरोबरीने १७९२ मध्ये हरिपंत फडके टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणासमोर उभे होते. त्याच्या आणि लेकच्या फौजांच्या कचाट्यात सापडून हंबर्टने शरणागती पत्करली. फ्रेंचांना युद्धकैदी म्हणून सन्मानाने डब्लिनला नेण्यात आले, तर त्यांच्या भरवशावर घरदार सोडून आलेल्या आयरिश शेतकऱ्यांची शेकड्यांनी कत्तल झाली. गावात भालाईताचा पुतळा आहे. त्याच्यापुढे मला हंबर्टच्या धाडसाचे कौतुक करवेना.

बॅलिनामकला रेल्वे नाही. डब्लिन–स्लायगो मार्गावरील लाँगफर्डला उतरून पुढे टॅक्सी करावी. आयर्लंडला शेंगेन व्हिसा चालत नाही, तेव्हा युरोपच्या सहलीला जोडून येणाऱ्यांनी इथला व्हिसा वेगळा काढावा. मेयोत पावसाळी कोट उन्हाळ्यातही लागतो. छत्रीचा उपयोग नाही, माझी किलकमिनलाच उलटली.