तळाशी बसलेलं क्रोमियम

जलपर्णी पाण्यातलं क्रोमियम काढते का, हे आम्ही चार टबांत पाहत होतो. पाचव्या दिवशी चाचणीत नमुन्याला जांभळा रंग आलाच नाही. "मॅडम, सगळं क्रोमियम गेलं!" मदतनीस म्हणाला. झाडवाल्या टबाचं नवल नव्हतं, पण तिसऱ्या टबात तर झाडच नव्हतं. जलपर्णीची मुळं खंगाळलेलं अर्धा लिटर गढूळ पाणी तेवढं घातलेलं.

जलपर्णी बडोद्याच्या बाहेरच्या एका तळ्यातली (विश्वामित्री नदीत उतरायला कोणी तयार होत नाही, मगरी आहेत). प्रत्येक टबात 10 लिटर नळाचं पाणी. ते रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यायचं, नाहीतर मुळांवरचे जिवाणू आधीच मरतात. त्यात 56.6 मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट, म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियम (त्याचं जास्त विषारी, विरघळणारं रूप). पहिल्यात झाड, दुसऱ्यात नुसतं पाणी, चौथ्यात तेच गढूळ पाणी, पण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं भांडं) 121 अंशांवर 20 मिनिटं ठेवलेलं. मे महिन्यात झाडाच्या टबाची पातळी भराभर उतरते. रोज खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी घातलं नाही तर आकडे फुगतात.

चौथ्या टबाच्या नमुन्यात जांभळा रंग बराचसा टिकला होता. काम जिवंत जिवाणूंचंच. पण चाचणीतलं रसायन, डायफिनाइलकार्बाझाइड, रंग देतं ते फक्त षट्संयुजी क्रोमियमला. जिवाणूंनी ते त्रिसंयुजी (कमी विषारी रूप) केलं की चाचणी गप्प. म्हणून तिसऱ्या टबातलं एकूण क्रोमियम एएएसवर (धातू मोजायचं यंत्र) मोजलं. रूप बदललं तरी एकूण तेवढंच भरायला हवं. तेही कमी आलं, तेव्हा मात्र मी चक्रावले.

"नमुना घेताना टब ढवळला होतास का?"

नव्हता. त्रिसंयुजी क्रोमियम उदासीन पाण्यात हायड्रॉक्साइड होऊन गाळात बसतं, आणि आम्ही वरचं नितळ पाणी तपासत होतो. ढवळून, नायट्रिक आम्लात गाळ विरघळवून मोजलं तर घातलेलं जवळपास सगळं परत मिळालं. (षट्संयुजीच्या नमुन्यात मात्र आधी आम्ल घालून ठेवू नये. सेंद्रिय गाळ असला की बाटलीतच ते त्रिसंयुजी होतं आणि श्रेय झाडाला जातं.)

झाडाच्या टबातलं बरंचसं मुळांपाशी सापडलं, पानांत फारच थोडं. मुळांवर चिकटलंय की आत शिरलंय, हे ईडीटीएने (धातूंना पकडून सोडवणारं रसायन) धुऊन ठरवायची पद्धत आहे. शिसं-कॅडमियमला ती ठीक. त्रिसंयुजी क्रोमियम ईडीटीएशी फार सावकाश जुळतं, तेव्हा 15 मिनिटांच्या धुण्यावर माझा भरवसा नाही.

त्यातच जुनी मुळं झडून तळाला जातात, म्हणून झाडं त्याच आठवड्यात काढली. कंपोस्टला न देता वाळवून घातक कचऱ्याच्या पिशवीत भरली. नोंदवहीत आता 'ढवळून' आणि 'न ढवळता' असे दोन रकाने आहेत.