चंद्र किती लांब ठेवायचा?

बालवाडीतल्या साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना अवकाशाची ओळख करून द्यायची ठरली, तेव्हा मी आधी भिंतीवर तक्ता लावला. आठवड्याभरात मुलं आठही ग्रहांची नावं घडाघडा म्हणू लागली. मग एकीने विचारलं, "ताई, शनी आपल्या शाळेपेक्षा मोठा आहे?" तक्त्यावरचा शनी तिच्या मुठीएवढा होता. तक्ता मी त्याच दिवशी उतरवला. मुलांना डोळ्यांनी दिसतं तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

पौर्णिमेनंतर साधारण आठवड्याने सकाळी अर्धा चंद्र पश्चिमेकडे कललेला दिसतो. सगळ्यांना अंगणात नेऊन तो दाखवला. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधी बजावून.) "चंद्र घरी जायचा राहिला!" एकजण ओरडला. चंद्र फक्त रात्रीच येतो, हे आपणच त्यांच्या मनात भरवतो.

दिवस-रात्र शिकवताना मात्र मी मोठी चूक केली. अंधाऱ्या खोलीत टॉर्च म्हणजे सूर्य. आणि रात्र दाखवायला मी टॉर्चच बंद केला. मुलांनी सरळ अर्थ काढला, रात्री सूर्य विझतो. ते पुसायला बरेच दिवस गेले. आता टॉर्च टेबलावर चालूच राहतो आणि फिरतं ते मूल. पोटावर गोल स्टिकर लावायचा आणि डावीकडे सावकाश गिरकी घ्यायची. स्टिकरवर उजेड आला की बाकीचे ओरडतात "सकाळ!", पाठ वळली की "रात्र!" प्रत्येकाला पृथ्वी व्हायचं असतं.

चंद्राच्या कला या वयाला झेपत नाहीत. एकदा करून पाहिलं आणि सोडून दिलं.

सगळ्यात रंगला तो चेंडूंचा खेळ. बास्केटबॉल म्हणजे पृथ्वी धरली, तर टेनिसचा चेंडू जवळपास चंद्राच्या मापाचा होतो. "चंद्र कुठे ठेवू या?" प्रत्येकाने तो वीतभर अंतरावर ठेवला. मग मी चेंडू घेऊन चालू लागले. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे, म्हणजे एकापुढे एक तीस पृथ्व्या. या मापात सात मीटरांहून थोडं जास्त. वर्ग संपला, दार ओलांडलं, व्हरांड्यात चेंडू ठेवला. मागे अगदी शांतता होती.

"चंद्र आपल्याबरोबर चालतो," असं दोघं-तिघं अजूनही म्हणतात. चंद्र इतका दूर आहे की आपण चार पावलं टाकली तरी तो तिथेच दिसतो, म्हणून तसं वाटतं. मी त्यांना खोडून काढत नाही. त्यांना पुन्हा व्हरांड्यात नेते, त्या चेंडूपाशी.