पुढची सीट रिकामी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशिकला आले की कोणी ना कोणी विचारतंच, "सॅन फ्रान्सिस्कोत म्हणे ड्रायव्हरशिवाय टॅक्सी धावतात. भीती नाही वाटत बसायला?"

पहिल्यांदा वाटली. स्टिअरिंग आपोआप फिरायला लागलं तशी मी पर्स पोटाशी धरली. चौथ्या सिग्नलला फोन काढून मेसेज बघत होते. इतक्यात सवय होते हो! वेमो नावाच्या कंपनीच्या या गाडीला डुलकी लागत नाही, ती दारू पीत नाही. माझ्या अंध शेजारणीला तर ती देवासारखी वाटते. तिच्याबरोबरचा वाटाड्या कुत्रा दिसला की टॅक्सीवाले थांबायचेच नाहीत. कुत्र्याला नाही म्हणणं तिथे बेकायदा आहे, तरीही.

माझ्या मनात अडकून बसलेली गोष्ट वेगळी आहे. 2 ऑक्टोबर 2023 च्या रात्री आमच्या शहरात रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला एका गाडीने उडवलं. ती शेजारच्या लेनमध्ये क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे पडली. ती गाडी तिला धडकून थांबली. आणि मग अपघातानंतर बाजूला व्हायचं, या हिशेबाने तिला सुमारे 20 फूट फरफटत घेऊन गेली. माणूस असता तर उतरला असता, वाकून चाकाखाली बघितलं असतं, असं मी ठणकावून म्हणणार होते. पण तिला आधी उडवणारा माणूसच होता, आणि तो पळून गेला. त्यामुळे मी हा वाद कोणाशी घालत नाही. क्रूझचा परवाना त्याच महिन्यात स्थगित झाला. पुढच्या वर्षी क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने या टॅक्सीचा नादच सोडला.

भीतीचं सगळे विचारतात. दुसरं काही विचारलं ते एकानेच, गेल्या खेपेला मुंबई विमानतळावरून मला नाशिकला आणणाऱ्या ड्रायव्हरने. शहापूरला चहाला थांबलो होतो.

"ताई, मग तिथले ड्रायव्हर आता काय करतात?"

मला धड सांगता येईना. अजून पुष्कळ जण चालवतात, म्हटलं. मग धीर द्यावा म्हणून गडकरींचं सांगितलं. ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊच देणार नाही, असं ते 2023 मध्ये नागपुरात म्हणाले होते.

"ते मंत्री आहेत तोवर ना?" त्याने बशीतला चहा संपवला. "माझ्या गाडीचे अजून तीन वर्षांचे हप्ते आहेत."

मग कसारा घाटभर आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. त्याने वळणावर हॉर्न दिला, समोरच्या ट्रकवाल्याने हात बाहेर काढून "जा पुढे" म्हणून खूण केली, आणि आम्ही पुढे गेलो.