चित्र कोणाकडे राहायचं?

मी लंडनमध्ये मराठी पर्यटकांना कलादालनं दाखवते. गेल्या उन्हाळ्यात टेट ब्रिटनला नेलेल्या मंडळींमध्ये कोल्हापूरच्या एक आजी होत्या, नातीकडे राहायला आलेल्या. चित्रकार टर्नरच्या भल्यामोठ्या समुद्रचित्रांपुढे त्या फारशा रेंगाळल्या नाहीत. थांबल्या त्या मारिया बिकनेल या तरुणीच्या चित्रासमोर.

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने हे चित्र 1816च्या जुलैत रंगवलं. उंची जेमतेम 30 सेंटिमीटर. काळे कुरळे केस, गळ्याशी पांढरी झालर, शांत चेहरा. ऐश्वर्य मिरवणारं काहीही नाही. कॉन्स्टेबलशीच लग्न ठरलेली आणि ते तीन महिन्यांवर आलेली ही मुलगी तेव्हा 28 वर्षांची होती.

मी रंगकामाबद्दल बोलायला लागले, तेवढ्यात आजींनी विचारलं, "अगं, पण हे चित्र राहायचं कोणाकडे? तिच्या घरी की त्याच्या?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि माझ्या मते या चित्राचं सगळं मर्म त्याच प्रश्नात आहे. ते त्याच्याकडे होतं. मारिया लंडनमध्ये, तो सफकमधल्या ईस्ट बर्गहोल्ट या आपल्या गावी. तिथून त्याने तिला लिहिलं, की काहीही झालं तरी हे चित्र मी जवळून हलू देणार नाही. ते पाहिलं की कसल्याही त्रासात मन निवतं.

आजींना एवढ्यावर समाधान नव्हतं. "मग लग्न का अडलं होतं?"

अडलं होतं मारियाच्या आईकडच्या आजोबांपायी. डॉक्टर ऱ्हड हे ईस्ट बर्गहोल्टचेच धर्मगुरू, पैसेवाले आणि हट्टी. कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा, त्यात निसर्गचित्रं काढणारा; कमाईचा पत्ता नाही. नातीने याच्याशी लग्न केलं तर वारशातून नाव कमी करीन, अशी धमकी होती. मारियाचे वडील नौदल खात्याचे वकील, पण सासऱ्यांच्या संपत्तीपुढे तेही गप्प. दोघांनी 1809मध्ये एकमेकांना मन सांगितलं आणि पुढची सात वर्षं मुख्यतः पत्रांवर काढली. मे 1816मध्ये कॉन्स्टेबलचे वडील वारले. धंद्यातला वाटा मिळाल्यावर संसार चालेल एवढी सोय झाली, तेव्हा कुठे तारखेची बोलणी सुरू झाली.

"आमच्यात फोटो आधी जायचा, पसंती नंतर," आजी म्हणाल्या. "माझा फोटो तीन घरं फिरून आला होता. हिचं बरं, पसंती आधीची."

त्यांच्या नातीने विचारलं, की अशी चित्रं काढली म्हणजे लग्न ठरल्यातच जमा का? तसं मुळीच नव्हतं. फ्रान्समध्ये एंग्र या चित्रकाराने 1806 साली, रोमला निघण्यापूर्वी, आपली वाग्दत्त वधू ज्युली फोरेस्तिए हिला घरच्या माणसांसह पेन्सिलीने रेखाटलं. पुढच्याच वर्षी ती सोयरीक मोडली. ते रेखाटन आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ज्युली स्वतः चित्रकार होती, हे सांगायला मी कधीच विसरत नाही, कारण तिचं नाव निघतं ते फक्त एंग्रच्या गोष्टीत.

मग मी सांगितलं, की सप्टेंबरमध्ये तारीख जवळ आली तेव्हा खुद्द कॉन्स्टेबलच म्हणाला, हातातलं मोठं चित्र पुरं होईपर्यंत जरा थांबू या.

आजी उसळल्या. "सात वर्षं थांबलेल्या पोरीला? मग ती काय म्हणाली?"

ती रागावली. आणि 2 ऑक्टोबर 1816ला लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये लग्न झालं. मित्र जॉन फिशर धर्मगुरू होता, त्यानेच ते लावलं. मारियाच्या घरचं कुणी आलं नाही.

"कुठलं ते मोठं चित्र? दाखव मला."

मी सगळ्यांना 'फ्लॅटफर्ड मिल'पाशी नेलं. सव्वा मीटर रुंद कॅनव्हास, नदी, घोडा, दोराशी खटपट करणारी पोरं, उन्हातलं कुरण. आजींनी ते बराच वेळ पाहिलं. नात म्हणाली, यासाठी मीही थांबले असते. आजी म्हणाल्या, मी नसते थांबले. बाकीच्यांनीही आपापली बाजू घेतली, आणि पुढच्या दालनात जायची वेळ टळून गेली तरी कुणी हलेना.