आमची वाटचाल : चित्र दिसते, पण नोंद होते का?

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लहानशा गाळ्यात आमचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा दारावरच्या फलकावर ‘टीव्ही, केबल व अँटेना दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले होते. कॅमेऱ्यांचे काम आम्ही शोधत गेलो नाही. गुजरीतल्या एका सराफांच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करायला गेलो असता त्यांनी विचारले, “तुम्हाला वायरिंग कळतंय न्हवं, मग हे चार कॅमेरे बसवून द्या की.” ते कॅमेरे अनालॉग होते. प्रत्येकाला चित्र आणि वीज नेणारी थ्री प्लस वन केबल, टोकांना बीएनसी जॅक, कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा एक एसएमपीएस आणि गल्ल्याखाली ठेवायचा डीव्हीआर, म्हणजे चित्रांची नोंद साठवणारा डबा, एवढाच तो संसार होता. दोन दिवस लागले, तिसऱ्या दिवशी चारही चौकोनांत चित्र आले आणि आम्हाला वाटले की या धंद्यातले सगळे आपल्याला समजले.

ते समजले नव्हते, हे नागाळा पार्कातल्या एका बंगल्याने आम्हाला शिकवले. तिथल्या निवृत्त शिक्षिका काकूंच्या आवारातून पाण्याची मोटर चोरीला गेली आणि त्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही आत्मविश्वासाने डीव्हीआरचा माऊस हातात घेऊन आदल्या रात्रीची तारीख निवडली, तर पडदा रिकामा होता. एकेक दिवस मागे गेलो तरी काहीच मिळेना, आणि शेवटी जे सर्वांत अलीकडचे रेकॉर्डिंग सापडले ते ११ आठवड्यांपूर्वीचे होते. हार्ड डिस्क केव्हाच बंद पडली होती. ती बंद पडल्यावर डीव्हीआर बीप-बीप करून ओरडतो, पण त्या आवाजाची कटकट होते म्हणून आमच्याच कामावरच्या मुलाने सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करून ठेवलेला होता. काकू रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, टीव्हीवर तर रोज चारही चित्रं दिसत होती. मग हा डबा रात्रंदिवस करतो तरी काय?”

आज आमच्या कामाची जी पद्धत आहे ती सगळी या एका प्रश्नाभोवती उभी राहिलेली आहे. चित्र दिसणे आणि चित्राची नोंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहक पैसे देतो ते दुसऱ्या गोष्टीसाठी. काकूंच्या डीव्हीआरमध्ये आम्ही चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी साध्या संगणकाची डिस्क घातली होती. ती डिस्क दिवसातून काही तास चालावी अशा बेताने बनवलेली असते, आणि कॅमेऱ्यांच्या कामात तिच्यावर चोवीस तास लिहिले जाते. शिवाय डबा टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेमागे कोंडलेला होता. त्या काचेवर हात ठेवला तरी ऊब जाणवत होती. तेव्हापासून पाळत-कामासाठीच बनवलेली डिस्क सोडून दुसरी डिस्क आम्ही घातलेली नाही, आणि डब्याच्या चारही बाजूंना हवा खेळेल अशीच जागा निवडतो.

दुसरा धडा २०१९ च्या महापुराने दिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, दुधाळी, सगळीकडे पाणी शिरले. आमच्या गाळ्यातला माल आम्ही वरच्या फळीवर चढवला होता, तरी खालची दोन खोकी गेलीच. पाणी ओसरल्यावर ग्राहकांकडे फिरलो तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. छज्जाखाली उंचावर बसवलेले कॅमेरे बहुतेक ठिकाणी धडधाकट होते, आणि ज्यात सगळी नोंद साठवलेली असते तो डबा मात्र तळमजल्यावर टीव्हीखाली गाळाने भरून बसलेला होता. एका घरी डिस्क उपसली तर तिच्या छिद्रांतून पिवळे पाणी टपकत होते. आता नदीच्या बाजूच्या घरांत रेकॉर्डर वरच्या मजल्यावरच जातो, मग केबल वीस मीटर जास्त लागली तरी चालेल. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा असे वर नेलेले डबे सगळे वाचले. अर्थात पाणी शिरलेल्या भागात वीज बंद ठेवावी लागत असल्यामुळे पुराच्या दिवसांची नोंद कुणाकडेच नव्हती; वीज जाईपर्यंतची तेवढी सुखरूप होती.

२०१९ च्या त्या पुराच्या निमित्ताने बहुतेक ग्राहकांना सगळे नवेच घ्यायचे होते, आणि आम्ही डीव्हीआर सोडून एनव्हीआरकडे वळलो ते तेव्हाच. डीव्हीआरमध्ये कॅमेरा नुसते चित्र पाठवतो आणि त्याचे अंकांत रूपांतर डब्यात होते. एनव्हीआरमध्ये हे काम कॅमेराच करतो आणि तयार माहिती नेटवर्कच्या केबलवरून डब्यात येते. याच केबलवरून कॅमेऱ्याला वीजही जाते, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही. अशी केबलवरूनच वीज देणारे सर्वसाधारण खाचेचे तोंड, म्हणजे पीओई पोर्ट, १५.४ वॅटपर्यंत वीज देते आणि घरगुती कॅमेऱ्याला त्याच्या निम्मीही लागत नाही. मर्यादा अंतराची असते. पोर्टपासून कॅमेऱ्यापर्यंत केबल १०० मीटरच्या आत हवी. शहरातल्या बंगल्यांना ही अडचण सहसा येत नाही, पण कागलकडच्या एका शेतघराच्या फाटकापर्यंत जाताना आम्हाला मध्ये एक नेटवर्क स्विच, म्हणजे माहिती पुढे पाठवणारी छोटी पेटी, टाकावा लागला.

केबलच्या बाबतीत आम्ही एकदा चांगलेच फसलो, आणि दोष आमच्या लोभाचा होता. एका व्यापाऱ्याने बाजारभावाच्या जवळपास निम्म्या दराने कॅट सिक्स या नेटवर्क केबलचे बंडल देऊ केले आणि आम्ही तीन उचलले. पहिल्या दोन घरांत काही जाणवले नाही. तिसऱ्या घरी ६० मीटरच्या ओळीवरचा कॅमेरा दिवसा व्यवस्थित चाले आणि अंधार पडून त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडे. दिवे लागताच कॅमेऱ्याला जास्त वीज लागते, आणि ती तारेतच मुरत होती. कॅमेरा बदलला, पोर्ट बदलला, आणि शेवटी वैतागून तार ब्लेडने खरवडली तर तांबूस रंगाखाली पांढरी चमक दिसली. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार होती. तिन्ही घरांतली केबल आम्ही स्वखर्चाने काढून नवी टाकली. आता कोणतेही बंडल आले की दुकानातल्या काउंटरवर आधी ब्लेड बाहेर येते, आणि पुरवठादार कितीही जुना असला तरी त्याच्यासमोरच ते बाहेर येते.

सध्या घरगुती कामाला आमचा साधारण दीड दिवस जातो. पहिला दिवस केबल ओढणे, केसिंग-पट्टी मारणे आणि जॅक लावणे यात संपतो. जॅकमध्ये आठ तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने बसतात, आणि दोन्ही टोकांना हाच क्रम असावा लागतो. नवा मुलगा कामावर आला की त्याला हे आठवडाभर रद्दी केबलच्या तुकड्यांवर करायला लावतो, कारण छज्जाखाली शिडीवर उभे राहून डोळे मिचकावत रंग ओळखणे हा निराळाच प्रकार असतो.

डब्याची मांडणी आम्ही स्वतः करतो. डिस्क बसवून तिचे फॉरमॅट झाले की पहिल्यांदा घड्याळाकडे वळतो. टाइम झोन भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा, आणि इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळेल अशी व्यवस्था. राजारामपुरीतल्या एका अपार्टमेंटमध्ये दुचाकीला धडक देऊन पळालेल्या गाडीचे फुटेज मिळाले खरे, पण त्यावरची वेळ ३७ मिनिटे पुढची होती, आणि ते पोलिसांना समजावून सांगताना आमची त्रेधा उडाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे फुटेज न्यायालयात द्यायचे तर सोबत प्रमाणपत्र आणि फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पटवणारा तिचा आकड्या-अक्षरांचा ठसा, द्यावे लागते. अशा कागदावर चुकीच्या घड्याळाचा खुलासा लिहीत बसण्याची वेळ कुणावरही येऊ नये.

त्यानंतर येतो तो डिस्कचा हिशेब, आणि इथे ग्राहकाशी हमखास वाद होतो. “एक टीबीत महिनाभराचा बॅकअप बसतो, शेजारच्यांचा बसतोय,” असे प्रत्येक जण सांगतो. मग आम्ही कागद घेतो. एका कॅमेऱ्याची माहिती सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने येत असेल तर दिवसाचे सुमारे ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी झाले की १ टीबी सहा दिवसही पुरत नाही. कॅमेरा आणि डबा दोन्ही चित्र जास्त आटोपशीर करून साठवणाऱ्या एच.२६५ पद्धतीने चालवले, तर तेवढ्याच दर्जासाठी वेग २ मेगाबिटवर आणता येतो आणि दिवस दुप्पट होतात. तरीही महिना हवा असेल तर अडीच टीबीच्या वर, म्हणजे बाजारात सहसा मिळते ती ४ टीबीची डिस्क लागते. शेजाऱ्यांचा महिना बसतो, कारण त्यांच्याकडे हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग होते. ही सोय चांगली आहे, पण कोळ्याने भिंगासमोर जाळे विणले की रात्रभर तेच जाळे हलताना रेकॉर्ड होत राहते. म्हणून आम्ही फाटक आणि पुढच्या दारावर सलग नोंद ठेवतो आणि बाकी ठिकाणी माणूस किंवा वाहन दिसले तरच, अशी विभागणी करतो.

पासवर्ड ग्राहकाने स्वतः घालायचा आणि आम्ही पाठ फिरवून उभे राहायचे, हा आमचा नियम आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेले नव्हते म्हणून. त्या काळात आम्हीही सगळ्या घरांत एकच पासवर्ड ठेवत होतो, हे कबूल करायला आज लाज वाटते. घरातल्या इतरांना फक्त पाहण्यापुरते वेगळे खाते देतो. २०२५ च्या एप्रिलपासून बाजारात येणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली, त्यामुळे स्वस्त माल घेऊन येणाऱ्या काही विक्रेत्यांची ये-जा थांबली. आमच्या दृष्टीने ते बरेच झाले.

विजेचा विषय थोडक्यात. चार कॅमेरे, डबा आणि राउटर मिळून पन्नासेक वॅटच लागतात, पण घरात इन्व्हर्टर असूनही त्याची लाईन नेमकी रेकॉर्डरच्या पॉइंटला नसते. वळिवाच्या पावसात वीज गेली की नोंद थांबते आणि चोराला तेवढेच हवे असते. इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी बोलावून ती लाईन फिरवून घेतल्याशिवाय आम्ही डबा चालू करत नाही.

शेजाऱ्याची खिडकी कॅमेऱ्याच्या चौकटीत येत असेल तर चित्रातला तेवढा भाग काळ्या पट्टीने झाकून देतो. मंगळवार पेठेतल्या अरुंद बोळांत हे करावेच लागते, नाहीतर कॅमेरा बसतो आणि बोलचाल बंद होते.

काम संपल्यावर आम्ही लगेच बिल देत नाही. एक रात्र जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी जाऊन घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या हातात माऊस देतो आणि सांगतो, “आज सकाळी दूधवाला किती वाजता आला, तेवढं शोधून दाखवा.” तारीख निवडायची, वेळेच्या पट्टीवर क्लिक करायचे, आणि किटली घेऊन फाटक उघडणारा माणूस दिसला की रेकॉर्डिंग चालू आहे, घड्याळ बरोबर आहे आणि पाहणाऱ्याला पाहता येते, या तिन्ही गोष्टी एकदम तपासल्या जातात. मग वहीत सही घेतो. दर सहा महिन्यांनी आमचा मुलगा जाऊन हीच परीक्षा पुन्हा घेतो, बझर चालू आहे का ते पाहतो आणि भिंगे पुसून येतो.

नागाळा पार्कातल्या काकूंकडे आता एनव्हीआर आहे. त्यांना दूधवाला शोधायला सांगितले तेव्हा त्यांनी तो ६ वाजून १२ मिनिटांनी आल्याचे दाखवले, आणि मग आम्ही न सांगता पट्टी आणखी मागे नेऊन पेपरवाल्याने पेपर फाटकातून आत न टाकता चिखलात टाकला होता, तेही काढून दाखवले.