खालचा कप्पा

एसटीत पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट लागत नाही. पुढे बारा वर्षांपर्यंत अर्धं. सातारा आगारात सगळी नोकरी गेली, त्यामुळे हा हिशोब मी झोपेतही सांगेन. वाचनालयाकडे मात्र अडीच वर्षांच्या माणसासाठी कसलाच हिशोब नाही. बाल सभासदाच्या फॉर्मवर शाळेचं नाव, इयत्ता आणि सही असे रकाने आहेत. आमच्या नातीकडे, चिऊकडे, यातलं काहीच नाही. तेव्हा ती आत येते ती माझं लगेज म्हणून.

हे लगेज सकाळी नवाच्या सुमाराला माझ्या ताब्यात येतं. सून नर्स आहे, तिची सकाळपाळी. मुलगा एमआयडीसीत. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे पोरीच्या मागे धावण्यातले राहिलेले नाहीत. अंगणवाडीत घालायला अजून सहा महिने आहेत. मग बाईसाहेबांना घेऊन जायचं कुठं? बागेत उन्हाचा त्रास, आणि रोज उठून नातेवाइकांच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी पेठेतल्या वाचनालयात पेपर वाचायला जातो. ती सवय सोडायची माझी तयारी नव्हती, म्हणून तिला बरोबर न्यायला लागलो. ओळखीचे लोक म्हणतात, वा, आबा नातीला वाचनाची गोडी लावतायत. आबांना पेपर वाचायचा असतो, बाकी काही नाही.

आमचं वाचनालय म्हणजे खाली पेपर आणि पुस्तकांची देवघेव, वर अभ्यासिका. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाकडं बोलणार आहे. पेपरचे लाकडी स्टँड दोन्ही बाजूंनी उतरते, मध्ये पेपर धरायला लोखंडी पट्टी. आम्ही म्हातारे दोन्हीकडून उभे राहून वाचतो. या दोन उतारांच्या मध्ये, खाली, एक तंबू तयार होतो हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. चिऊनं आत पाऊल टाकल्याबरोबर तो ताब्यात घेतला. तिथून तिला माणसांचे फक्त पाय दिसतात. त्यामुळे ती सगळ्यांना पायांवरून ओळखते. काळे बूट म्हणजे सुभेदार आजोबा. अंगठ्याला पट्टी असलेली कोल्हापुरी म्हणजे पेन्शनर मास्तर. निळी स्लिपर आली की ती पुढं होऊन हळूच बोटाला हात लावते, कारण निळ्या स्लिपरवाल्या आजोबांच्या खिशात खडीसाखर असते. (साखरेवरून सुनेचा आणि माझा वाद चालू आहे. तो इथं नको.)

सुभेदार साहेबांची एक सवय आहे. पावसाळ्यात पेपर हातात आला की आधी धरणांचा साठा, तोही मोठ्यानं. कोयना १०५ टीएमसीचं, त्यात आज किती. मग धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी. ‘शांतता राखा’ची पाटी त्यांच्या डोक्यावरच आहे, पण फौजेत गेलेला आवाज बारीक होत नाही. चिऊ तंबूतून ऐकत असायची. एके दिवशी त्यांच्या मागोमाग आतून आवाज यायला लागला: कोना, धोम, कणेल, उमोली, ताली. ‘धोम’ला ती विशेष जोर देते, काहीतरी पडल्यासारखा. मी घरी तिला किती बडबडगीतं शिकवून पाहिली, एकाचीही दुसरी ओळ तिला येत नाही. धरणं मात्र ओळीनं पाठ. आता मंडळी पेपर उघडायच्या आधी खाली वाकून विचारतात, “काय ताई, धोम भरलं का?” ती सांगते, “भल्लं!” मे महिन्यातसुद्धा भरलेलंच असतं.

लहान मूल वाचनालयात गोंधळ घालतं ही तक्रार मी ऐकून आहे. खरी आहे. पण आमच्याकडे शब्दकोडं कुणीतरी पेनानं आधीच सोडवून ठेवलं यावरून जेवढा गोंधळ होतो, तेवढा चिऊनं अजून केलेला नाही. वरची स्पर्धा परीक्षेची पोरं हा मात्र वेगळा मामला. त्यातला एकजण जिन्यात येऊन म्हणाला, “आबा, पूर्वपरीक्षा जवळ आलीये, तेवढं बघा.” त्याचं बरोबर होतं. ही पोरं गावाकडून येऊन खोली करून राहतात, डबा लावतात, आणि दोन-दोन, तीन-तीन वर्षं त्या खुर्च्या सोडत नाहीत. पोरं साडेदहाला चहाला बाहेर पडतात, ती सव्वाअकरापर्यंत टपरीवर असतात. पुस्तकं बघायची, ‘हत्ती कसा ओरडतो’ वगैरे आवाजी कामं आम्ही तेवढ्यात उरकतो. बाकीच्या वेळात तंबू. लहान पोराला घेऊन वाचनालयात जायचं तर आधी त्या वाचनालयाची गर्दीची वेळ कुठली ते बघा, एवढं माझं सांगणं. आणि एक जादा चड्डी जवळ ठेवा, कारण तिथल्या मोरीची कडी माझ्याच्यानं लागत नाही, पोरीचं तर सोडाच.

आता पुस्तकं. बालविभाग आहे. काचेचं कपाट आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली ग्रंथपाल मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. सहावी-सातवीतला मुलगा येऊन “ते वरून तिसरं द्या” म्हणू शकतो. अडीच वर्षांची पोरगी काचेला नाक लावते आणि काचेवर गोल वाफ उठते, एवढाच तिचा व्यवहार. शेजारच्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांचा फोटो. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, त्याला हार घालतात. फोटोखाली त्यांची ती पाच सूत्रं रंगवलेली आहेत, १९३१ची: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वगैरे. फोटोची दोरी कपाटाच्या कुलपाच्या बरोबर वर येते. मी कधी बोललो नाही, पण बघतो रोज.

मॅडमना सांगून कपाट उघडून घेतलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. वाचनालयाची बांधणी पुस्तक टिकावं म्हणून असते: जाड पुठ्ठा, पाठीला कापड, आणि कडेनं घट्ट टाका. कादंबरीला ती शोभते. चित्रांच्या पुस्तकाला ती बांधणी केली की दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध टाक्यात जातं. आमच्या हत्तीचं धड डाव्या पानावर, शेपूट डाव्या टोकाला, आणि तोंड शिवणीत. उजव्या पानावर नुसती सोंड बाहेर आलेली. चिऊनं ते पुस्तक दोन्ही हातांनी फाकवलं, आत डोळा लावून बघितलं आणि मला म्हणाली, “आबा, काढ.” तिच्या समजुतीनं हत्ती आत अडकला होता. त्यात वाचनालयाचा जांभळा शिक्का सोंडेवरच. दाखल क्रमांकासकट.

गेल्या हिवाळ्यात मुलानं आम्हाला भिलारला नेलं, पुस्तकांच्या गावात. वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि तिथून पुढं. ४ मे २०१७ला सरकारनं हे गाव सुरू केलं तेव्हा मी ड्युटीवर होतो आणि मनात म्हणालो होतो की स्ट्रॉबेरीच्या गावात पुस्तकं कोण वाचणार. प्रत्यक्षात बरं वाटलं. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवलीयत, दारावर विषयाची पाटी. कुणाच्याही ओसरीत बसा, हवं ते काढा, वाचून जागेवर ठेवा. अनामत नाही, वर्गणी नाही. चिऊ एका घरात जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकामागून एक पुस्तकं काढत गेली. बहुतेक उलटी धरली. घरातल्या बाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. पुस्तकांचं काहीही नुकसान झालं नाही, म्हणजे कोपरा जरा ओला झाला असेल.

परत आल्यावर मी वार्षिक सभेत विषय काढला: बालविभागाचं कपाट उघडं ठेवा, निदान खालचा एक कप्पा. खजिनदार म्हणाले, फाटली तर जबाबदार कोण? हे नुसतं हडेलहप्पीचं उत्तर नव्हतं. आपल्याकडे १९६७च्या कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तपासणीला साहेब येतात तेव्हा दप्तरातली पुस्तकं आणि कपाटातली पुस्तकं जुळवून बघतात. फाटलेलं पुस्तक म्हणजे कागदपत्रं, ठराव, मंजुरी. शेजारी कर्नाटकात घरपट्टीबरोबर सहा टक्के ग्रंथालय कर घेतात, आपल्या कायद्यात तसली सोय नाही. २०२२मध्ये अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं हे खरं, पण त्यातून पगार, वीजबिल आणि पेपरचं बिल भागवून वर जाड पुठ्ठ्याची लहान मुलांची पुस्तकं घ्यायची म्हणजे अवघडच. अशा एका पुस्तकाच्या पैशात मोठ्यांची कादंबरी येते, आणि कादंबरीला वाचक सही करतो. हे सगळं मला पटतं. तरीही कुलूप पटत नाही. कपाटात न फाटता पिवळं पडलेलं पुस्तक मी त्याच सभेत सगळ्यांना दाखवलं. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

वाट कशाला बघायची म्हणून मॅडमनीच तोड काढली. माळ्यावर एक लोखंडी रॅक गंजत पडला होता, गुडघ्याएवढ्या उंचीचा. तो खाली आणून त्यात दप्तराबाहेरची पुस्तकं ठेवली, म्हणजे ज्यांना दाखल क्रमांक पडलेला नाही अशी. तपासणीत ती मोजलीच जात नाहीत, फाटली तर फाटली. पेन्शनर मास्तरांनी नातवंडांची जुनी पुस्तकं आणून दिली. नॅशनल बुक ट्रस्टची आणि ‘प्रथम बुक्स’ प्रकाशनाची पातळ, स्वस्तातली काही मी घेतली. यांना टाचणी मधून मारलेली असते, चित्र पूर्ण उघडतं. अभ्यासिकेतल्या त्याच पोरानं रॅकच्या धारदार कडांना सायकलची जुनी ट्यूब कापून लावली. चहावाल्याचा मुलगा आता दुपारी तिथं येऊन बसतो, आणि साबण-तेलाच्या दुकानातल्या बाईची जुळी. मॅडम काउंटरवरून नजर ठेवतात आणि चिऊनं हात पुढं केला की मनगटावर तारखेचा शिक्का मारतात. त्या तारखेला तिला परत करायचं असतं, असा त्यांचा विनोद. सुनेला तो अजून आवडलेला नाही, कारण शाई दोन आंघोळींत जात नाही.

पुस्तकं अर्थातच फाटतात. दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलंय. चिकटपट्टी लावायची नाही, ती वर्षात पिवळी पडते आणि निघताना कागद घेऊन निघते. पतंगाचा पातळ कागद आणि मैद्याची खळ. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, त्यानं कसर लागत नाही आणि खळ टिकतेही. पण मोरचूद विषारी, आणि आमचे वाचक पानं उलटण्याआधी चाखून बघतात. म्हणून मी नुसती मैद्याची करतो. ती दुसऱ्या दिवशी आंबते, त्यामुळे रोज चहाच्या पातेल्यात दोन चमचे तेवढी. पातेलं लगेच घासून ठेवायचं, ही आमच्या घरातली अट.