तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला पायलट करायचं, तर फी किती?

बेळगावच्या सांबरा विमानतळावर शिकाऊ विमानं घिरट्या घालताना दिसायला लागली, तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पालक हाच प्रश्न विचारतात: पोरगं पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे, पायलट व्हायचं म्हणतंय, फी किती?

फी सांगतो, पण चेकबुक काढण्याआधी मेडिकल उरकून घ्या. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारं सरकारी खातं, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू तपासणी, मग व्यावसायिक लायसन्सला लागणारी क्लास वन. रक्त, ईसीजी, कान, डोळे, सगळं बारकाईनं बघतात. चष्मा चालतो. रंगांधळेपण निघालं तर मात्र व्यावसायिक लायसन्सची वाट तिथंच अडते. फीचा पहिला हप्ता गेल्यावर हे कळून काय उपयोग?

मग कागद. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. कॉमर्सच्या मुलांना ते दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येतात. आपल्या भागातली खरी अडचण नावाची. मार्क्स कार्डावर नावापुढं वडिलांचं आद्याक्षर, आधारवर आडनावासकट पूर्ण नाव, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी असेल तर समजावता येतं, शहराचं अधिकृत नाव २०१४ साली बदललं. नावातला फरक मात्र डीजीसीएच्या परीक्षांसाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर काढतानाच अडवतो. पीयूसीचा निकाल लागायच्या आधीच हे सरळ करून घ्या.

नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे पेपर शक्य तितके उड्डाणं सुरू होण्याआधी काढावेत. पास व्हायला ७० टक्के लागतात. विमानातून रेडिओवर बोलायच्या परवान्याची, म्हणजे आरटीआरची, परीक्षा वेगळी. मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीला घाबरतात, पण रेडिओवरची वाक्यं ठरलेली असतात. रोज मोठ्यानं म्हटली की जीभ वळते.

आता उड्डाणाचे तास. लायसन्सला एकूण २०० लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर असताना. शिवाय ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचं, एक लांब उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. पैसा आणि वर्षं इथंच जिरतात. महिन्याला २० तास मिळाले तर काम दहा महिन्यांत होतं. ८ मिळाले तर पंचवीस महिने. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टीवर विमान जास्त लांब पळतं. म्हणून शिकाऊ उड्डाणं सकाळी लवकर बरी. जून ते सप्टेंबर ढग खाली येतात, समोरचं दिसत नाही, आठवडेच्या आठवडे विमानं जमिनीवर. संस्था निवडताना इमारत बघू नका. आज उडू शकणारी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, मुलं किती आणि गेल्या जुलैत एका मुलाला किती तास मिळाले, एवढं विचारा. उत्तर तिथल्या मुलांच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत, बघा.

फी देशात साधारण ४५ ते ६० लाख. बरेच जण शेत तारण ठेवून कर्ज काढायला निघतात, पण थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळं बँका घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट मागतात. मग ऊस लावलेलं रान विकायचा विचार सुरू होतो. तो करण्याआधी पुढचा खर्च ऐका.

लायसन्स हातात आलं तरी एअरबस किंवा बोइंग चालवायला त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायची पात्रता, लागतं, ते आणखी साधारण १५ ते २५ लाख. भरती निघेपर्यंत वर्ष, दोन वर्षं जाऊ शकतात. तेवढ्या काळात क्लास वन मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेरचं दिसत नसताना उपकरणं बघून उडवायच्या पात्रतेची) चाचणी दरवर्षी, आणि हात बसलेला राहावा म्हणून अधूनमधून उड्डाण. त्यातच शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतो. सगळा पैसा २०० तासांतच संपवलेली घरं इथं कोलमडतात, आणि ते बघवत नाही. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा लायसन्सनंतरसाठी बाजूला ठेवता येत नसेल तर आणखी एक वर्ष थांबा. नोकरीचं पत्र हातात नसताना टाइप रेटिंग करू नका. दरम्यान इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेतलं तर पगारही मिळतो, तासही वाढतात.